श्रवण-मनन : जॅझच्या कांहीं नव्या ध्वनिमुद्रिका

गेल्या खेपेस या सदरांत अमेरिकन जॅझ संगीताचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर एका सद्‌गृहस्थांचें पत्र आलें आहे. पत्राची भाषा सौजन्याची आहे, पण आशय स्पष्ट आहे. आमच्या घरीं आजीपासून नातवापर्यंत सर्व जण हें मासिक वाचतात. त्यांत मद्यगृहांत जन्मलेल्या आणि नियमाचा गंध नसलेल्या गोंगाटाची भलावण कशासाठीं, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न प्रामाणिक आहे आणि दहा वर्षांपूर्वीं तो मीच कोणास तरी विचारला असता. म्हणून या अंकीं दोन-चार नव्या ध्वनिमुद्रिकांविषयीं लिहावयाचें योजिलें होतें, त्याआधीं या पत्रास उत्तर देणें प्राप्त आहे.

पहिला आक्षेप जन्मस्थानाचा. जॅझ हें न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं आकारास आलें, आणि तेथील नाचघरांत व मद्यगृहांत तें वाजलें, हें खरें. पण तेवढेंच खरें नाहीं. तें मिरवणुकींत वाजलें आणि अंत्ययात्रेंतहि वाजलें. तेथील कृष्णवर्णीय समाजांत प्रेतयात्रेपुढें पितळी वाद्यांचा ताफा चाले. जातांना संथ, शोकाचे सूर आणि परततांना उल्हासाचे. ज्यांच्या आईबापांस गुलाम म्हणून बाजारांत विकलें होतें, त्या लोकांनीं लष्करी बँडांचीं वाद्यें हातीं घेऊन हें संगीत घडविलें. त्यांच्यांतील बडी बोल्डेन (१८७७–१९३१) हा कॉर्नेटवादक या विद्येच्या आद्यांपैकीं एक समजला जातो. त्याच्या वादनाची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. उलट १९१७ सालीं जॅझची म्हणून जी पहिली तबकडी निघाली, ती गोऱ्या वादकांच्या मंडळीची होती. विद्या एकाची आणि नांव दुसऱ्याचें, हा प्रकार आपल्याकडेहि अपरिचित नाहीं.

आणि जन्मस्थानच पाहावयाचें तर आपल्या संगीताचें कोठें पाहावें? जें ख्यालगायन व जी ठुमरी आज आपण बैठकीवर पांढरी चादर अंथरून ऐकतों, तीं किती काळ दरबारांत व कलावंतिणींच्या माडीवर नांदलीं हें इतिहास जाणणाऱ्यास ठाऊक आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिलें, तें संगीत घरंदाज कुटुंबांच्या उंबऱ्याच्या आंत यावें म्हणूनच. उंबरा आमचा होता. संगीतांत कांहीं न्यून नव्हतें.

दुसरा आक्षेप नियमांचा. येथें पत्रलेखकांस, ते संस्कृतज्ञ आहेत असें त्यांच्या भाषेवरून दिसतें म्हणून, समस्यापूर्तीची आठवण देतों. राजसभेंत कवीस एक चरण दिला जाई. त्याचें वृत्त ठरलेलें, शब्द ठरलेले. उरलेले तीन चरण त्यानें उभ्याउभ्या असे रचावयाचे कीं दिलेला चरण जणू त्यांतूनच उगवला असें वाटावें. जुन्या जॅझवादकाचें काम नेमकें हेंच होतें. त्यास एक गीत दिलेलें असे, बहुधा बारा किंवा बत्तीस मात्रागटांचें. त्या गीताखालीं स्वरसंघांची एक ठरलेली मालिका, आणि ती मालिका आपल्या आवर्तनाप्रमाणें फिरत राहते. चाल एकदां वाजवून झाली कीं वादक ती सोडून देतो आणि फिरत्या मालिकेवर तत्क्षणीं नवी चाल रचीत जातो. आपल्याकडे राग स्थिर असतो व गायक त्यांत विहार करतो. तेथें पायांखालची जमीनच दर दोन पावलांस बदलते आणि वादकास त्या हिशेबानें पाऊल टाकावें लागतें. हें ज्यास नियमहीन वाटतें त्यानें एकदां पेटीपाशीं बसून प्रयत्न करून पाहावा. मीं केला आहे. दुसऱ्या आवर्तनांतच माझी वाट चुकली.

आतां मुद्रिका. माझा पुतण्या पुण्यास नोकरीस आहे. दर शनिवारीं तो वीतभर उंचीचा एक ध्वनिक्षेपक पिशवींत घालून घरीं येतो आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत आमची श्रवणसभा भरते. खालील मतें त्या सभेंत तावून निघालेलीं आहेत. सभा एकमताची नसते, हें सांगावयास नको.

प्रथम 'प्रॉमिसेस'. ही मुद्रिका मार्च २०२१ मध्यें निघाली. सुमारें शेहेचाळीस मिनिटांची ही एकच अखंड रचना, नऊ भागांची. रचनाकार सॅम शेपर्ड हा इंग्रज तरुण 'फ्लोटिंग पॉइंट्स' या नांवानें वाजवितो आणि मेंदूच्या शास्त्रांत त्यानें डॉक्टरेट मिळविली आहे. साथीस लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचीं तंतुवाद्यें. आणि या सर्वांच्या मध्यभागीं फॅरो सँडर्स हा सॅक्सोफोनवादक, मुद्रिका निघाली तेव्हां ऐंशी वर्षांचा. आरंभींच सात स्वरांची एक इवलीशी आकृति येते आणि ती, थोड्या विरामानें, पुन्हां पुन्हां येत राहते. पहिल्या रात्रीं दहा मिनिटें झालीं तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भावोजी, सुई अडकली वाटतें." सर्व जण हंसले. मीहि हंसलों. पण विसाव्या मिनिटास कोणी हंसत नव्हतें. ती आकृति देवघरांतील समईसारखी आहे. समईकडे कोणी पाहत बसत नाहीं. तिच्या उजेडांत दुसरें जें चालतें तें पाहावयाचें असतें.

आणि तें दुसरें म्हणजे सँडर्सचें वादन. हा गृहस्थ १९६५ पासून १९६७ पर्यंत जॉन कोल्ट्रेनच्या ताफ्यांत होता आणि त्या काळीं त्याचा सॅक्सोफोन आक्रोश करी. तीं जुनीं ध्वनिमुद्रणें मीं ऐकलीं आहेत. खरें सांगावयाचें तर पुरतीं ऐकवलीं नाहींत. येथें तोच मनुष्य अगदीं थोडे स्वर वाजवितो, प्रत्येक स्वर पुरता पिकूं देतो. चौथ्या भागांत तर तो वाद्य बाजूस ठेवून निरर्थक अक्षरें हलकेच गुणगुणतो. एखादा वृद्ध पहाटे अंथरुणावर बसून स्वतःशीं पुटपुटतो तसें. काव्याचा प्राण उच्चारिलेल्या अर्थांत नसून सूचित झालेल्या अर्थांत असतो, हें आनंदवर्धनाचार्यांचें मत मीं वर्षानुवर्षें मुलांस समजावून दिलें. उदाहरणें तींच ठरलेलीं असत आणि मुलें तीं पाठ करीत. आज वर्ग असता तर हा चौथा भाग लावून गप्प बसलों असतों. दोष एकच सांगतों. सहाव्या भागांत तंतुवाद्यांस जो पूर येतो तो मला अनाठायीं वाटला. जें मौनानें सांगून झालें होतें तेंच तेथें चित्रपटी थाटानें मोठ्यानें सांगितलें आहे. पुतण्यास हाच भाग सर्वांत प्रिय आहे, हेंहि नमूद करतों. सँडर्स पुढें २४ सप्टेंबर २०२२ रोजीं वारला.

दुसरा म्हातारा चार्ल्स लॉइड. 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो' ही त्याची दोन भागांची मुद्रिका १५ मार्च २०२४ रोजीं, म्हणजे बरोबर त्याच्या शहाऐंशीव्या वाढदिवशीं निघाली. पियानोवर जेसन मोरान, कंट्राबासवर लॅरी ग्रेनाडियर, तालवाद्यांवर ब्रायन ब्लेड. लॉइडचा सॅक्सोफोन कधीं ठाम पाय रोवून उभा राहत नाहीं. स्वराच्या कडेकडेनें, किंचित् कांपत, जणू परवानगी विचारीत आंत येतो. तरुण वयांत, १९६६ सालच्या वादनाच्या 'फॉरेस्ट फ्लॉवर' या मुद्रिकेनें, त्यास अमाप लोकप्रियता मिळाली होती. ती टाकून तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एकांतांत गेला आणि बरींच वर्षें व्यासपीठापासून दूर राहिला. वेदान्ताकडे त्याचा ओढा आहे.

येथें एक कबुली द्यावयास पाहिजे. या जॅझवाद्यांच्या वेदान्तप्रेमाचा मला मनस्वी राग येत असे. कोल्ट्रेनची पत्नी ॲलिस हिनें १९७१ सालीं स्वामी सच्चिदानंदांच्या नांवानें मुद्रिका काढिली, तीत तंबोराहि आहे. तें समजलें तेव्हां, आमचा ॐकार हे लोक अत्तरासारखा अंगास चोळतात, असें मीं चारचौघांत बोललों होतों. न ऐकतां बोललों होतों, हा त्यांतील मुख्य दोष. पुढें वाचनांत आलें कीं सनी रोलिन्स हा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धांत पवई येथील स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमांत येऊन राहिला होता. कीर्तीच्या शिखरावरील मनुष्य वाद्यवादनाचीं निमंत्रणें सोडून मुंबईच्या त्या काळच्या रानांत अध्ययनास येऊन राहतो, त्यास अत्तर म्हणतां येत नाहीं. आमच्यांपैकीं कितीजण पवईस गेले?

लॉइडची झाकिर हुसेनांशीं जुनी मैत्री होती. 'संगम' ही त्यांची मुद्रिका २००६ सालची, आणि २०२२ मध्यें 'सेक्रेड थ्रेड' निघाली, तीत गिटारवर ज्यूलियन लाज आहे. झाकिरभाई १५ डिसेंबर २०२४ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोस गेले. त्यांच्या जाण्यानंतर एका शनिवारीं आम्ही 'सेक्रेड थ्रेड' लावली. तींत तबल्याबरोबर त्यांचा गळाहि आहे. कोणीं कांहीं बोललें नाहीं.

'लव्ह इन एक्झाइल' (२०२३) विषयीं मात्र घरांत तंटा झाला. लाहोरांत वाढलेली गायिका अरूज आफताब, तमिळ आईबापांच्या पोटीं अमेरिकेंत जन्मलेला विजय अय्यर आणि पाकिस्तानी मातापित्यांचा अमेरिकन मुलगा शहजाद इस्माइली, अशी ही त्रयी. अय्यर हा गणित व पदार्थविज्ञान शिकलेला, हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक आणि माझ्या मतें आजच्या पियानोवादकांत पहिल्या पंक्तींतला. त्याची २०२४ मधील 'कम्पॅशन' ही त्रिकुटाची मुद्रिका ज्यास लयीचें गणित आवडतें त्यानें जरूर ऐकावी. पण येथें तो जाणूनबुजून फार कमी वाजवितो. आफताबबाई उर्दूच्या दोन ओळी घेऊन त्या धुक्यांत सोडून देतात. वहिनींस तें अतिशय भावलें. त्यांचें म्हणणें, घर सोडून दूर जावें लागलेल्या माणसास असेंच अर्धवट आठवतें. माझें म्हणणें, विलंबित आणि आळस यांत भेद आहे. विलंबितांत पुढच्या समेची ओढ असते. येथें सम नाहीं, म्हणून ओढ नाहीं. सुंदर धुकें आहे. यावर वहिनी म्हणाल्या, "तुम्हांला कधीं माहेर सोडावें लागलें नाहीं." त्या वादांत मी हरलों असें सभेचें मत पडलें. माझें मत मीं बदललेलें नाहीं, पण ती मुद्रिका त्या दुपारीं स्वयंपाकघरांत एकट्या ऐकत असतात, तेव्हां मी बाहेरच्या खोलींत पुस्तक मिटून बसतों.

दोन मुद्रिका थोडक्यांत उरकतों. आंद्रे थ्री थाउजंड या विख्यात रॅपगायकानें २०२३ च्या नोव्हेंबरांत 'न्यू ब्लू सन' काढिली. एकहि शब्द न उच्चारतां सत्त्याऐंशी मिनिटें बासऱ्या. त्याची नम्रता मला आवडली, धैर्यहि आवडलें. पण नम्रता म्हणजे रियाज नव्हे. पन्नालाल घोषांनीं लांब बांबूच्या बासरीस मैफलीचें वाद्य केलें त्यापाठीमागें किती घाम होता! या मुद्रिकेंत वारा आहे, बासरी अजून यावयाची आहे. लंडनच्या 'एझ्रा कलेक्टिव्ह'चें उलट आहे. या पांच तरुणांच्या ताफ्यास २०२३ चें मर्क्युरी पारितोषिक मिळालें, आणि जॅझच्या मंडळीस तें मिळण्याची ती पहिलीच वेळ. हे सगळे जण तेथील 'टुमॉरोज वॉरियर्स' या संस्थेच्या तालमींत तयार झालेले आहेत. ती संस्था गॅरी क्रॉस्बी व जनीन आयरन्स यांनीं १९९१ सालीं काढिली, मुख्यतः ज्या मुलांस संगीतशिक्षण परवडत नाहीं त्यांच्यासाठीं. २०२४ ची 'डान्स, नो वन्स वॉचिंग' ऐकून आमच्या घरांतील धाकटीं मंडळी नाचलीं. मीं पायानें ठेका धरला. दुसऱ्या दिवशीं एकहि चाल आठवेना.

आतां जिच्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला ती मुद्रिका. 'सन्स ऑफ केमेट' हा लंडनचाच चौघांचा ताफा. २०२१ सालीं त्यांची 'ब्लॅक टु द फ्यूचर' निघाली आणि पुढच्या वर्षीं ताफा विसर्जित झाला. सॅक्सोफोन शबाका हचिंग्ज याचा, ट्यूबा थिऑन क्रॉसचा, आणि तालवाद्यांवर दोघे. पियानो नाहीं, तंतुवाद्य नाहीं. ट्यूबा म्हणजे तें अजस्र पितळी वाद्य, ज्याच्या तोंडांत लहान मूल मावेल. क्रॉस त्यावर अशी धांव घेतो कीं वाद्याचें वजन विसरावयास होतें. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय मनुष्याची २०२० सालीं पोलिसाच्या गुडघ्याखालीं हत्या झाली, त्या संतापाची धग पहिल्या व अखेरच्या भागांतील गद्यपठणांत आहे. संताप कोठेंहि सूर सोडीत नाहीं. हचिंग्जनें २०२३ च्या अखेरीस सॅक्सोफोन खालीं ठेविला आणि २०२४ मध्यें जपानी शाकुहाची इत्यादि बासऱ्यांची एक मुद्रिका काढिली. तींत राजना स्वामिनाथन यांचा मृदंगम् आहे आणि शेवटीं त्याच्या वडिलांचें पठण. तीहि चांगली आहे, पण तिच्याविषयीं पुन्हां केव्हां तरी.

'ब्लॅक टु द फ्यूचर' मीं पहिल्यांदा ऐकली तेव्हां मला न्यू ऑर्लिन्स दिसलें नाहीं, लंडनहि दिसलें नाहीं. मला आमच्या गांवची वरात दिसली. एक क्लॅरिनेट अथवा सॅक्सोफोन, एक मोठें पितळी वाद्य आणि दोन ताशेढोलवाले. आणि तिच्यापाठोपाठ माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला. त्याचे वडील लग्नाच्या बँडांत क्लॅरिनेट वाजवीत. वैशाखांत लग्नसराई आली कीं रात्रीं त्यालाहि ताफ्याबरोबर जावें लागे आणि सकाळच्या जादा तासास तो डुलक्या घेई. एकदां मीं त्यास बाकावर उभें केलें आणि सर्व वर्गादेखत म्हणालों, "वाजंत्र्याच्या पोरानें संस्कृत कशाला घ्यावें?" वर्ग हंसला. त्यानें पुढच्या आठवड्यांत संस्कृत सोडलें. मीं त्याची चौकशी केली नाहीं.

त्याच काळीं मी घरीं दर गुरुवारीं पेटी वाजवीत असें. ब्राह्मणाच्या घरीं वाजविणें हा व्यासंग, आणि ज्याच्या घरीं चूल त्यावर पेटते तो वाजंत्री. हें व्याकरण मला कोणीं शिकविलें नव्हतें, पण माझें तोंडपाठ होतें. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या वादकांनीं आपलें चित्रपटसंगीत उभारलें. अल्दोन्याच्या चिक चॉकलेटनें आपल्या सी. रामचंद्रांबरोबर १९५१ च्या 'अलबेला'स जो जॅझचा रंग दिला तो अजून उतरलेला नाहीं. तीं गाणीं आम्ही आवडीनें गुणगुणलों. वाजविणाऱ्यांचीं नांवें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

गेल्या वैशाखांत पुतण्याच्या लग्नास बँड सांगितला होता. ताफ्याच्या पुढें डोक्यावर पांढऱ्या केसांचा, लाल कोट घातलेला क्लॅरिनेटवाला मला पाहून थांबला आणि वांकून म्हणाला, "सर, ओळखलंत?" मीं ओळखलें. ताफा आतां त्याचा स्वतःचा आहे. बारा माणसें आहेत. मला जें बोलावयाचें होतें तें तेथें, नवरदेवाच्या घोड्यापाशीं, कसें बोलावें कळेना. म्हणून मीं त्याच्या पाठीमागच्या मुलाच्या गळ्यांतील मोठ्या वाद्याकडे बोट करून नांव विचारलें.

"युफोनियम, सर. माझा धाकटा आहे तो."

मग मीं पुतण्याकडून दूरध्वनि मागून घेतला आणि मांडवाच्या मागें त्यास 'सन्स ऑफ केमेट' ऐकविली. तो यंत्र कानाशीं धरून डोळे मिटून उभा राहिला; क्लॅरिनेटवरील बोटें आपोआप हलत होतीं. शेवटीं मीं म्हटलें, "तुला त्या दिवशीं वर्गांत मीं जें बोललों तें चुकीचें होतें." तो कांहीं क्षण बोलला नाहीं. मग यंत्र परत देत म्हणाला, "असूं द्या, सर. हे लोक मात्र चांगले आहेत. मोठ्या वाद्यवाल्याचा दम फार आहे. पण ह्यांना एकदां उन्हांत दोन कोस चालत वाजवायला सांगा."

इतक्यांत कोणी तरी हाक मारली आणि तो ताफ्याकडे गेला.